डबल ट्रॉली, चढ आणि रेडिएटर: एका जुन्या वादाचा आढावा

गळीत हंगाम जवळ आला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गॅरेजांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडायच्या असतील, तर ट्रॅक्टरचा रेडिएटर काढून मोठा बसवावा का? विचारणाऱ्याला उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे हवे असते. पण दहा ठिकाणी विचारले तर उत्तरे तीन-चार प्रकारची मिळतात आणि प्रत्येकाच्या मागे काही ना काही अनुभव असतो. हा वाद आज कुठे येऊन थांबला आहे, कोणाचे म्हणणे कशावर उभे आहे आणि कोणत्या गोष्टींचा निकाल अजून लागलेला नाही, हे या लेखात पाहायचे आहे.

प्रश्नाची मुळे

1926 साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर उसाचा पट्टा वाढला. 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढे संगमनेर, कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, श्रीगोंदे, अकोले, पाथर्डी असे कारखाने उभे राहत गेले. सुरुवातीला ऊस बैलगाडीतून येई. कारखान्यांची गाळपक्षमता वाढली, उसाची शिवारे लांब गेली आणि बैलगाडीच्या जोडीला ट्रक व ट्रॅक्टर आले. आज कारखान्याच्या गव्हाणीसमोरच्या रांगेत ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या हे नेहमीचे दृश्य आहे.

दोन ट्रॉल्या जोडण्यामागे सरळ हिशोब आहे. वाहतुकीचा मोबदला टन आणि अंतर यांवर मिळतो. वाहनमालकाने कारखान्याशी करार केलेला असतो, उचल घेतलेली असते, त्यातली मोठी रक्कम मुकादमामार्फत ऊसतोड टोळीला दिलेली असते. ही उचल फेडायची तर एका खेपेत जास्त माल जायला हवा. पन्नास-पंचावन्न हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर सपाट डांबरी रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढून नेतो. वाटेत चढ आला की मात्र तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. रस्त्यात गाडी उभी राहिली की नुसता दुरुस्तीचा खर्च होत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला नाही तर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात आणि फडात टोळी रिकामी बसते.

2021-22 च्या हंगामाने हा प्रश्न आणखी तीव्र केला. त्या वर्षी राज्यात ऊस इतका झाला की गाळप मे उलटून जूनपर्यंत चालले. शिल्लक ऊस लांबच्या कारखान्यांना नेता यावा म्हणून 1 मे 2022 पासून गाळल्या जाणाऱ्या उसासाठी, 50 किलोमीटरपलीकडच्या वाहतुकीला टनामागे किलोमीटरला 5 रुपये अनुदान राज्य सरकारने जाहीर केले. एरवी डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यात होणारी वाहतूक ऐन वैशाखात, लांब पल्ल्याने झाली. ज्यांचे ट्रॅक्टर वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालले होते, त्यांनाही त्या उन्हाळ्यात रेडिएटरचा विचार करावा लागला.

उष्णता येते कुठून

वाद समजून घ्यायचा तर थोडे गणित हवे. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून 20 टन वजन धरू. बऱ्या डांबरी रस्त्यावर हे वजन सरकत ठेवायला वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे 400 किलोची ओढ लागते. ताशी 18 किलोमीटर वेगाने जायला त्यासाठी सुमारे 27 हॉर्सपॉवर चाकांपाशी पोचायला हवेत. रस्त्याला चार टक्के चढ लागला की ही ओढ तिप्पट होऊन 1,200 किलोवर जाते. आता ताशी 10 किलोमीटरनेच जायचे म्हटले तरी 44 हॉर्सपॉवर लागतात. गिअरबॉक्समध्ये खर्च होणारी शक्ती धरली तर 50 हॉर्सपॉवरचे इंजिन इथे आपली सगळी ताकद लावून संपते.

डिझेलमधल्या ऊर्जेचा ढोबळ तिसरा हिस्सा कामाला येतो. उरलेल्यातला मोठा भाग सायलेन्सरमधून निघून जातो आणि चौथाई ते तीस टक्के भाग इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरतो. पूर्ण ताकदीने चाललेल्या 50 हॉर्सपॉवरच्या इंजिनात हा आकडा 30 किलोवॅटच्या आसपास येतो. दोन-दोन किलोवॅटचे पंधरा गिझर एका वेळी पेटवावेत इतकी ही उष्णता आहे आणि ती सगळी रेडिएटरच्या जाळीतून वाऱ्यावर सोडायची असते. त्यासाठी सेकंदाला पाऊण ते एक घनमीटर हवा जाळीतून जावी लागते. ताशी 10 किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या वाऱ्याची त्यात फारशी मदत होत नाही. बहुतेक हवा पंख्यालाच ओढावी लागते.

बाहेरच्या हवेचे तापमान हा दुसरा मुद्दा. इंजिनातले पाणी 95 अंशांवर असेल आणि बाहेर डिसेंबरच्या सकाळचे 10 अंश असतील तर फरक 85 अंशांचा पडतो. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर 41 अंश असतील तर फरक 54 अंशांवर येतो. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण उष्णता टाकण्याची ताकद जवळपास दोन तृतीयांशावर येते. हंगामाच्या सुरुवातीला काहीच त्रास न देणारा ट्रॅक्टर मार्चनंतर का गरम होतो, याचे उत्तर पुष्कळदा एवढ्यातच असते.

या गणितातून निघणारी एक गोष्ट वादात सहसा बोलली जात नाही. रेडिएटरला ट्रॉलीचे वजन कळत नाही, त्याला फक्त इंजिन किती ताकद लावते आहे एवढेच कळते. पूर्ण ताकदीवर चालणारे इंजिन मागे ट्रॉली असो की रोटाव्हेटर, जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात टाकते. वजन वाढवल्याने वेग घटतो, चढावरचा वेळ लांबतो, पण इंजिनाची कमाल उष्णता डिझेल पंपाच्या कमाल मापाने बांधलेली असते. पुढच्या सगळ्या बाजू या एका मुद्द्याशी ताडून पाहाव्या लागतात.

पहिली बाजू: कंपनीचा रेडिएटर पुरेसा आहे

ट्रॅक्टर विकणाऱ्यांचे आणि कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरचे म्हणणे असे की रेडिएटर मुळातच पूर्ण ताकदीच्या कामासाठी बेतलेला असतो. ट्रॅक्टर गरम होतो तेव्हा काहीतरी बिघडलेले असते. तो बिघाड शोधायचा सोडून मोठा रेडिएटर बसवणे म्हणजे रोग तसाच ठेवणे.

या म्हणण्याला आधार आहे. देशात ट्रॅक्टरची सरकारी चाचणी मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय संस्थेत होते. तिथे पीटीओवर, म्हणजे यंत्रे फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, इंजिनाची ताकद नेहमीच्या हवेत मोजतात, तशीच 43 अंशांच्या आसपास तापवलेल्या हवेतही मोजतात आणि पाण्याचे कमाल तापमान नोंदवतात. म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा चाचणीत धरलेला आहे. मेमध्ये कडक जमिनीत दिवसभर रोटाव्हेटर चालवून जो ट्रॅक्टर तापत नाही, तो डिसेंबरात ट्रॉलीला जोडल्यावर तापत असेल, तर जाळी लहान आहे असे म्हणायला जागा उरत नाही.

बिघाडांची यादी गॅरेजवाल्यांना पाठ आहे. सैल फॅन बेल्ट, झिजलेला वॉटर पंप, आतून चोंदलेल्या नळ्या, बाहेरून धूळ आणि पाचटाने भरलेली जाळी, गळकी कॅप, फाटका होज पाईप, हेड गॅस्केटमधून पाण्यात येणारा गॅस. उसाच्या कामात यातला पाचटाचा त्रास सगळ्यांत मोठा आहे आणि हार्वेस्टरच्या बाजूने चालणाऱ्या ट्रॅक्टरला तो दुप्पट होतो. जाळीवर पाचट साचले की पंखा कितीही फिरला तरी हवा येत नाही. साफ करताना हवा किंवा हलक्या दाबाचे पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारावे लागते. समोरून जोराचा फवारा मारला तर कचरा आत घट्ट बसतो आणि पातळ पत्रे वाकून हवेची वाट कायमची अडते.

या बाजूची कमजोरी एकच. चाचणी कारखान्यातून आलेल्या इंजिनाची असते. उसाच्या वाहतुकीतले बरेच ट्रॅक्टर मात्र ‘पंप वाढवलेले’ असतात, म्हणजे जास्त ओढ मिळावी म्हणून डिझेलचे माप मूळ खुणेच्या पुढे नेलेले असते. काळा धूर ओकणाऱ्या अशा इंजिनाला कंपनीचे माप लागू होत नाही, कारण ते आता त्या मापाचे इंजिनच राहिलेले नसते.

दुसरी बाजू: जाळी वाढवा

रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात दुसरे मत ऐकू येते. मूळ रेडिएटरमध्ये नळ्यांच्या दोन किंवा तीन ओळी असतील तर तीन किंवा चार ओळींची जाडसर जाळी बसवायची. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये हे काम स्थानिक पातळीवर होते. वरखालच्या टाक्या सोडवायच्या, नवी जाळी डाग देऊन बसवायची. नळ्या चोंदल्या असतील तर टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून सफाई, करून घेता येते. डोळ्यांसमोर होणारी ही दुरुस्ती मालकाला विश्वासाची वाटते.

अॅल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेले नवे रेडिएटर हलके असतात आणि उष्णताही चांगली सोडतात. पण फुटले की गावात दुरुस्त होत नाहीत, सबंध बदलावे लागतात. तांबे चांगले की अॅल्युमिनियम, या वादात धातूच्या गुणांपेक्षा दुरुस्ती कुठे आणि किती वेळात होते हा प्रश्नच निर्णायक ठरतो. हंगाम ऐन भरात असताना दोन दिवस सुटा भाग येण्याची वाट पाहणे ज्याला परवडत नाही, तो तांब्याकडे वळतो आणि त्याचे वळणे चूक म्हणता येत नाही.

जाडी वाढवण्याबद्दल मात्र सावध राहायला हवे. पहिल्या ओळीवरून गेलेली हवा तापूनच दुसऱ्या ओळीपाशी येते, तिथून आणखी तापून तिसरीपाशी. त्यामुळे प्रत्येक वाढीव ओळीचा उपयोग आधीच्या ओळीपेक्षा कमी होतो. शिवाय जाळी जाड झाली की हवेला जास्त अडथळा होतो आणि तोच पंखा आधीपेक्षा कमी हवा ओढतो. जोरदार पंखा आणि भोवती नीट बसणारे आवरण असेल तर चौथी ओळ कामाला येते. आवरण फुटलेले, काढून टाकलेले किंवा जाळीपासून बोटभर सुटलेले असेल तर पंखा इंजिनाकडची तापलेली हवाच पुन्हा फिरवत बसतो आणि नव्या जाळीचा खर्च वाया जातो. जाळीचे क्षेत्रफळ, म्हणजे रुंदी आणि उंची वाढवता आली तर फायदा खात्रीचा असतो, पण बॉनेटखाली तेवढी जागा सहसा नसते.

तिसरी बाजू: पंखा आणि गिअर

या वादात सगळ्यांत कमी ऐकले जाणारे आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त वजनाचे म्हणणे अनुभवी चालकांचे आहे. ते सांगतात, चढ सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवा, ट्रॅक्टर तापणार नाही.

बहुतेक ट्रॅक्टरांवर पंखा आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर चालतात. इंजिनाचे फेरे 2,000 वरून 1,200 वर आले की पंख्याची हवा आणि पंपाचे पाणी त्याच प्रमाणात घटतात. वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबत चढ चढणारा चालक नेमके हेच करत असतो. सिलिंडरमध्ये प्रत्येक फेऱ्याला भरपूर डिझेल जळत असते आणि ती उष्णता वाहून नेणारा पंखा मात्र मंदावलेला असतो. एक गिअर खाली घेतला की वेग थोडा कमी होतो, पण फेरे वाढतात, हवा वाढते आणि काटा मागे येतो. पैसा न खर्चता मिळणारा हा उपाय आहे. चढाच्या मध्यावर दोन ट्रॉल्यांसह गिअर बदलणे धोक्याचे असल्याने तो पायथ्यालाच बदलावा लागतो, एवढे पथ्य पाळायचे.

इमामपूर, करंजी किंवा चंदनापुरीच्या घाटात हे जसे लागू होते, तसेच फडातून रस्त्यावर येतानाही होते. जिल्ह्यातला बहुतेक ऊस कालव्यांखालच्या सपाट पट्ट्यात पिकतो. तिथल्या वाहनांना खरी कसोटी घाटाची नसते. ओल्या काळ्या रानातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना, ताशी दोन-तीन किलोमीटरने, चाके घसरत असताना इंजिन पूर्ण दाबाखाली येते आणि समोरून वारा शून्य असतो. हा ताण काही मिनिटांचा असल्याने मोठ्या रेडिएटरची गरज त्यातून सिद्ध होत नाही. मात्र त्यानंतर लगेच इंजिन बंद करू नये. दोन-चार मिनिटे ते रिकामे चालू ठेवले तर हेडमध्ये साठलेली उष्णता पाण्याबरोबर निघून जाते.

पंखा मोठा करणे हा आणखी एक उपाय. त्यालाही मर्यादा आहे, कारण मोठा पंखा फिरवायला इंजिनाचीच ताकद खर्च होते आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर भार वाढतो. बेल्ट नीट ताणलेला असणे ही त्याआधीची पायरी आहे. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण 10 ते 15 मिलिमीटर दबावा, नेमके माप ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते.

पाणी, कुलंट, कॅप आणि थर्मोस्टॅट

रेडिएटरमध्ये काय भरावे याबद्दलचे मतभेद कमी होत चालले आहेत, सवयी मात्र टिकून आहेत. रस्त्याकडेच्या हातपंपाचे किंवा शेतातल्या बोअरचे पाणी ओतणे ही जुनी सवय आहे. बागायती पट्ट्यातले भूजल बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त आहे. ते पाणी तापले की क्षारांचा थर नळ्यांना आणि इंजिनाच्या आतल्या भिंतींना धरतो. रेडिएटर रॉडिंगने मोकळा करता येतो, इंजिनाच्या आत बसलेला थर मात्र सहजी निघत नाही. अशा इंजिनाला नवा मोठा रेडिएटर लावला तरी उष्णता सिलिंडरमधून पाण्यात उतरायलाच अडते आणि काटा शांत असताना आतले हेड तापत राहते.

कुलंटचा गुण लोक पुष्कळदा चुकीच्या जागी शोधतात. ग्लायकॉल मिसळलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा थोडी कमीच उष्णता वाहून नेते. त्याचा खरा उपयोग गंज आणि क्षार रोखणे आणि उकळण्याचे तापमान वर नेणे हा आहे. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला उकळी सुमारे 107 अंशांवर येते. मिसळायला शुद्ध पाणी हवे, बोअरच्या पाण्यात कुलंट टाकून काहीच साधत नाही.

कॅपकडे दुर्लक्ष होते ते तिच्या किमतीमुळे असावे. अहिल्यानगर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या भांड्यातले पाणी 98 अंशांच्या जवळ उकळते. 0.9 बार दाब धरणारी चांगली कॅप असेल तर तेच पाणी 117 अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचे रबर गेले की ही वीस अंशांची मोकळीक जाते. ट्रॅक्टर आधीपेक्षा जास्त तापत नसतो, पण पाणी उकळून बाहेर पडू लागते आणि मालकाला वाटते रेडिएटर कमी पडला. इंजिन तापलेले असताना रेडिएटरची कॅप उघडून चेहरा आणि हात भाजल्याच्या घटना दर हंगामात घडतात. इंजिन पुरते निवल्याशिवाय कॅपला हात लावू नये, हे प्रत्येक नव्या चालकाला बजावून सांगायलाच हवे.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे फार रुजली आहे. अडकलेला थर्मोस्टॅट इंजिन तापवतो हे खरे, पण त्यावर उपाय नवा बसवणे हाच आहे. तो काढल्यावर थंडीतल्या सकाळी इंजिन कितीतरी वेळ नीट गरमच होत नाही, डिझेल अर्धवट जळते, सिलिंडरची झीज वाढते. मोठा रेडिएटर आणि काढलेला थर्मोस्टॅट ही जोडी तर थंडीत हमखास नुकसान करते. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर मोठ्या रेडिएटरने इंजिन गरजेपेक्षा जास्त थंड होण्याची भीती नाही.

नवी इंजिने

1 जानेवारी 2023 पासून 50 हॉर्सपॉवरवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 हे उत्सर्जनाचे नवे मानक लागू झाले. या वर्गातल्या ट्रॅक्टरांत कॉमन रेल पद्धतीने डिझेल जाते, तापमानावर संगणकाचे लक्ष असते, आणि जळालेल्या वायूचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडण्याची व्यवस्था जिथे आहे तिथे ती उष्णताही याच पाण्यात येते. म्हणजे रेडिएटरवरचा भार थोडा वाढला आहे आणि कंपन्यांनी त्यानुसार तो बेतलाही आहे.

इथे ‘जाळी वाढवा’ हा जुना उपाय तितकासा सोपा राहत नाही. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की संगणक स्वतःच इंजिनाची ताकद कमी करतो. चढावर ओढ कमी झाल्याचे जाणवते, पण इंजिन वाचते. रेडिएटर बदलल्यास वॉरंटीचा प्रश्न येतो. कायद्याच्या बाजूने पाहिले तर मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते. रेडिएटर हा नोंदणी पुस्तकातला तपशील नाही, त्यामुळे त्याची अडचण सहसा येत नाही. वॉरंटीची अडचण मात्र खरी आहे आणि नव्या ट्रॅक्टरच्या मालकाने ती आधी लेखी विचारून घ्यावी.

चौथी बाजू: वजनच कमी करा

रस्ता सुरक्षेचे काम करणाऱ्यांचा आक्षेप मुळावरच आहे. ट्रॅक्टर तापतो कारण त्याच्या मागे झेपेल त्यापेक्षा जास्त वजन आहे. रेडिएटर वाढवून तुम्ही ते वजन चढावर नेण्याची सोय केली, पण पलीकडच्या उताराचे काय? उसाच्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळे वजन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या ब्रेकवर येते. मागून येणारा रेटा वाढला की ट्रॅक्टर आडवा होतो. रात्री रिफ्लेक्टरविना उभ्या असलेल्या किंवा बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळण्याचे अपघात या जिल्ह्याला नवे नाहीत.

वाहनमालक याला उत्तर देतात की दर टनावर मिळतो तोवर वजन कमी होणार नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे, पण ऐन हंगामात त्याची अंमलबजावणी किती होते हे रस्त्यावर दिसतेच. मला सुरक्षेचा आक्षेप रेडिएटरच्या चर्चेबाहेरचा वाटत नाही. जो मालक रेडिएटरवर खर्च करायला तयार आहे, त्याने त्याआधी ट्रॉलीचे ब्रेक आणि मागचे दिवे यांवर खर्च करावा, असे मी ठामपणे म्हणेन. तापलेले इंजिन गाडी थांबवते, निकामी ब्रेक तिला थांबू देत नाहीत.

जीप आणि पिकअप

पिकअप किंवा जीपमागे ट्रेलर जोडणाऱ्यांची संख्या आपल्याकडे कमी आहे, पण कॉम्प्रेसर, जनरेटर, मळणी यंत्र अशी ओढायची यंत्रे वाढत आहेत. या गाड्यांचा प्रश्न ट्रॅक्टरहून वेगळा आहे. त्यांचा रेडिएटर वेगाने जाताना समोरून येणारा वारा गृहीत धरून बेतलेला असतो. पूर्ण ताकद, मंद वेग आणि लांब चढ हे त्यांचे रोजचे काम नव्हे. त्यामुळे मोठ्या रेडिएटरचा विचार इथे जास्त रास्त ठरतो. अमेरिकेत ओढकामासाठी पिकअप घेणाऱ्याला मोठा रेडिएटर आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर कारखान्यातूनच बसवून मिळतो. तिथे ओढण्याची क्षमता ठरवायला एक मानकही आहे. अॅरिझोना राज्यातल्या डेव्हिस डॅमच्या सुमारे 18 किलोमीटरच्या चढावर, 38 अंश किंवा त्याहून जास्त उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, भारासकट किमान वेग राखत गाडीने वर जायचे असते.

काय ठरलेले नाही

असे मानक उसाच्या डबल ट्रॉलीसाठी नाही. बुदनीची चाचणी इंजिनाची खात्री देते, पण पाचटाने माखलेली जाळी, दहा वर्षे जुना वॉटर पंप आणि करंजीचा घाट यांचा एकत्र हिशोब कुठल्याही अहवालात सापडत नाही. वाहनांच्या चाचणीला केंद्रीय मोटार वाहन नियम 126 ने ज्या संस्थांना मान्यता दिली, त्यांत बुदनीबरोबर आपल्याच जिल्ह्यातली व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था आहे. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. ज्ञान आणि साधने इतक्या जवळ असताना, हंगामात प्रत्यक्ष ओढकाम करणाऱ्या पन्नास-शंभर ट्रॅक्टरांच्या पाण्याचे तापमान, फेरे आणि वजन एकत्र नोंदवणारा साधा अभ्यास का होऊ नये, असे मनापासून वाटते.

दुसरा न सुटलेला प्रश्न जबाबदारीचा आहे. वाहन मालकाचे, करार कारखान्याचा, वजन काट्यावर मोजलेले. वाटेत इंजिन बसले तर तोटा एकट्या मालकाने सोसायचा का? हंगामापूर्वी वाहन तपासणीच्या शिबिरात पाणी, बेल्ट, कॅप आणि ट्रॉलीचे ब्रेक पाहिले जावेत आणि त्याची नोंद करारात यावी, ही मागणी अवाजवी नाही. उशिरा लांबणाऱ्या हंगामांत, मार्चनंतर दोनऐवजी एकच ट्रॉली लावणाऱ्याला दरात काही भरपाई द्यावी का, यावर तर चर्चाही सुरू झालेली नाही.

आज उपलब्ध माहितीवर निर्णय करायचा झाला तर तो असा. डिझेल पंप मूळ मापावर आहे, जाळी आतून-बाहेरून स्वच्छ आहे, बेल्ट, कॅप, थर्मोस्टॅट आणि पंख्याचे आवरण ठीक आहे, गिअर पायथ्यालाच उतरवला आहे, वजन नोंदणीच्या मर्यादेत आहे, आणि तरीही चांगल्या मीटरवर तापमान लाल पट्ट्यात जाते, तरच रेडिएटर बदलावा. बदलताना जाडीपेक्षा क्षेत्रफळ पाहावे आणि पंखा-आवरणासकट काम करून घ्यावे. डॅशबोर्डवरचा जुना काटा बंद असेल तर आधी तो दुरुस्त करावा, कारण त्याच्याशिवाय यातली कोणतीच गोष्ट ठरवता येत नाही. हे सगळे दसऱ्याच्या आत उरकावे. मोळी टाकून गव्हाण सुरू झाली की गॅरेजमध्ये थांबायला कोणाला वेळ नसतो.